काकांना ल्युकेमिया सांगितलाय, पण गाठ कुठेच नाही. रक्ताचा कॅन्सर म्हणजे नक्की काय असतं?

मृण्मयी_लोकमान्यनगर

नमस्कार. इंदूरचे असोत की बाहेरचे, ज्यांना ह्यातलं माहीत आहे त्यांनी प्लीज सांगा, घरात कोणालाच काही सुचत नाहीये.

माझे काका, वय ५४, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस. दोन-तीन महिन्यांपासून म्हणत होते की अर्धी पोळी खाल्ली तरी पोट भरतं, डाव्या बाजूला बरगड्यांखाली जड वाटतं, दुकानात बसल्या बसल्या थकवा येतो. आम्ही ॲसिडिटी समजलो. वजन उतरलं तर काकू म्हणाली उन्हाळा आहे. मग रात्री घामाने बनियन पिळून काढावं इतकं ओलं व्हायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी सीबीसी सांगितला आणि पांढऱ्या पेशी आल्या १,८२,०००. लॅबमधूनच फोन आला की सॅम्पल परत द्या, दुसऱ्यांदाही तेवढंच. हिमोग्लोबिन १०.२, प्लेटलेट ५,९०,०००. सोनोग्राफीत प्लीहा (पोटात डावीकडे असते ती स्प्लीन) १९ सेंटिमीटर. स्मिअरच्या म्हणजे काचेवर रक्त पसरून बघतात त्या टेस्टच्या कागदावर मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बेसोफिल वाढलेले, ब्लास्ट ३ टक्के असं लिहिलंय. रक्ताच्या डॉक्टरांनी बघून ल्युकेमिया म्हटलं, बीसीआर-एबीएल नावाची टेस्ट पाठवली, आणि बोन मॅरो परवा आहे. ओपीडीत एवढी गर्दी होती की आम्ही नीट विचारूही शकलो नाही.

तर विचारायचं असं की कॅन्सर म्हणजे गाठ ना, मग गाठ कुठे आहे, सोनोग्राफीत तर नाही म्हणतात. स्टेज कितवी तेही कोणी सांगत नाही. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात असं शाळेत शिकलोय तर त्या वाढल्या म्हणून वाईट का? सगळं रक्त बदलून टाकलं तर नाही का चालणार? आणि मॅरो काढताना कण्याला इजा झाली तर, म्हणून काका टेस्टच नको म्हणतायत.

अजून एक. माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा झालाय, लग्न दिवाळीनंतर. आत्या म्हणते कुठे बोलू नका, मुलाकडचे म्हणतील खानदानी आजार आहे. आणि कालपासून काकांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेवलाय. काका काही बोलले नाहीत, जेवून स्वतःच मोरीत नेऊन घासून ठेवलं. मला ते बघवत नाही. हे लागण होणारं आहे का एवढं तरी कोणी आधी सांगा.

सुहास_स्लाइडवाला

मृण्मयी, आधी शेवटचं. लागण होत नाही. ताटातून नाही, थुंकीतून नाही, एका पलंगावर झोपून नाही, चुकून त्यांचं रक्त हाताला लागलं तरी ल्युकेमिया होत नाही. तो तांब्या आजच्या आज परत सगळ्यांच्या भांड्यांत ठेव.

मी इथेच इंदुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, टेक्निशियन. पण आयुष्य स्लाइड बघण्यात गेलंय त्यामुळे जे दिसतं ते सांगतो, निदान तुमचे डॉक्टरच करतील.

आपलं रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत. मोठ्या माणसात मुख्यतः कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, मणके, बरगड्या इथे. तिथे मूळ पेशी असतात, त्यांच्यापासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं बनतं आणि सतत बनत राहतं, कारण प्लेटलेट आठ-दहा दिवसच जगते, लाल पेशी साधारण १२० दिवस, आणि पांढऱ्यांतल्या न्यूट्रोफिल तर रक्तात काही तासांपासून एखाद-दोन दिवसांच्याच पाहुण्या. अशा एका मूळ पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड होतो आणि तिला थांबायचं कधी ते कळेनासं होतं. ती वाढते, तिच्या लेकी वाढतात, सगळ्या तोच बिघाड घेऊन. हाच कॅन्सर. फक्त ह्या पेशी एका जागी चिकटून बसणाऱ्या नाहीत, त्यांचं कामच वाहणं आहे, म्हणून गाठ दिसत नाही. काकांची जी प्लीहा वाढलीय ती ह्या पेशी तिथे जमून. ती पोटाला दाबते म्हणून अर्ध्या पोळीत पोट भरतं.

स्टेजचं कोणी बोलत नाही ह्याचं कारणही हेच. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये विचारतात की कुठवर पसरलाय. रक्त तर पहिल्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत फिरतंय, तिथे पसरला का हा प्रश्नच बसत नाही. म्हणून नातेवाईक 'कितवी स्टेज' विचारत बसतात आणि डॉक्टर काय उत्तर देणार, मग यांना वाटतं काहीतरी लपवतायत. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच, कुठला ल्युकेमिया? ह्यावर सगळं ठरतं, औषध, खर्च, किती धोका, किती घाई, सगळं. नुसतं ल्युकेमिया म्हणणं म्हणजे अजून अर्धंच निदान आहे.

मोठे प्रकार चार. दोन ॲक्यूट, दोन क्रॉनिक. ॲक्यूटमध्ये पेशी मोठ्याच होत नाहीत, कच्च्या राहतात, त्यांना ब्लास्ट म्हणतात. मगजात एरवी ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत असतात, ॲक्यूटमध्ये साधारण २० टक्क्यांच्या वर जातात, कधी ९० सुद्धा. त्यांच्या दाटीत बाकीच्यांना जागा उरत नाही, मग हिमोग्लोबिन पडतं, प्लेटलेट पडतात, ताप हटत नाही, आणि हे सगळं काही आठवड्यांत. त्यात पेशी लिम्फॉइड वंशाच्या असतील तर एएलएल (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), मायलॉइड वंशाच्या असतील तर एएमएल (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया). क्रॉनिकमध्ये पेशी बऱ्यापैकी पिकतात पण बेसुमार होतात आणि वर्ष-वर्ष हळूहळू चालतं. त्यात लिम्फॉइडचा सीएलएल आणि मायलॉइडचा सीएमएल, पहिला सी म्हणजे क्रॉनिक. सीएलएल जास्त करून म्हाताऱ्या माणसांत, आणि कित्येकांना तर बरेच दिवस औषधसुद्धा लागत नाही, नुसतं लक्ष ठेवतात.

तुझ्या काकांचे आकडे वाचून माझ्या मनात सीएमएल आलं. १,८२,००० पेशी, प्लीहा, प्लेटलेट कमी नाही तर जास्त, बेसोफिल, आणि ब्लास्ट फक्त ३. डॉक्टरांनी बीसीआर-एबीएल पाठवली म्हणजे त्यांच्याही मनात तेच असणार. सीएमएलची स्लाइड मी लिशमनने रंगवून मायक्रोस्कोपखाली लावतो ना, तेव्हा एका नजरेत सगळी वंशावळ दिसते, ब्लास्ट एखाददुसरा, मग प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, बँड, पिकलेले न्यूट्रोफिल, जे एरवी मगजातच बघायला मिळतं ते बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्तात. ॲक्यूटची स्लाइड लावली की सगळे चेहरे सारखे, गोल, कच्चे. आणि जांभळ्या टोपणाची नळी थोडा वेळ उभी ठेवली की खाली लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये पांढरा थर बसतो. निरोगी माणसात तो थर दोऱ्याएवढा, अशा पेशंटमध्ये चक्क डोळ्यांनी मोजता येईल इतका जाड. १८४५ मध्ये बर्लिनच्या विर्खोने आणि एडिंबराच्या बेनेटने हेच बघितलं होतं, तेव्हा त्यांना असं का होतं ते समजायला काही साधन नव्हतं.

पांढऱ्या पेशी वाढल्या तर चांगलं का नाही, तर एरवी ४ ते ११ हजार असतात, इन्फेक्शनमध्ये १५-२० हजार होतात, फार भयंकर इन्फेक्शनमध्ये ५० हजारांपर्यंत जाताना मी बघितल्यात आणि तो कॅन्सर नव्हता, इन्फेक्शन गेल्यावर खाली आल्या. इथे कोणी हुकूम दिलेला नसताना बनतायत आणि थांबत नाहीत, ह्यांच्यावर लढायचा भरवसा नाही. उलटंही ऐकून ठेव, ॲक्यूट ल्युकेमियात कधी कधी पांढऱ्या पेशी कमी किंवा नॉर्मलही दिसतात, म्हणून नुसत्या आकड्यावर कोणी काही ठरवू नये, स्लाइड बघावीच लागते.

रक्त बदलण्याचं म्हणशील तर आपल्याकडे शेतात गाजरगवत माजतं, ते विळ्याने वरून कापलं तर दिवस-दोन दिवस शेत साफ दिसतं आणि मुळं जागेवर. पेशी फारच वाढून डोळ्यांना, मेंदूला, श्वासाला त्रास व्हायला लागला तर मशीनने पांढऱ्या पेशी काढतात, पण ती तात्पुरती सोय. बिघाड मगजात आहे तोवर नवीन येतच राहणार.

मॅरो टेस्टला घाबरू नका. ती कण्यातून नसते. माणसाला कुशीवर किंवा पालथं झोपवतात, पाठीच्या खाली कमरेचं जे टोकदार हाड हाताला लागतं तिथली जागा बधिर करतात आणि सुईने चमचाभर मगज ओढतात आणि बारीक तुकडा घेतात. ओढताना क्षणभर पायापर्यंत कळ जाते हे खरं, लपवत नाही. कण्यातलं पाणी काढायची टेस्ट वेगळी, ती ॲक्यूटमध्ये लागते, लोक दोन्ही एकच समजतात आणि घाबरून पळतात.

खानदानी आजाराचं. सीएमएलमध्ये ९ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा २२ वर आणि २२ चा ९ वर जाऊन बसतो. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्डने ते बारकं झालेलं २२ पाहिलं म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात, आणि १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउलीने दाखवलं की ही अदलाबदल आहे. बीसीआर-एबीएल टेस्ट हीच अदलाबदल शोधते. ती अदलाबदल काकांच्या मगजातल्या एका पेशीत त्यांच्या ह्याच आयुष्यात, मोठेपणी कधीतरी झालीय. आई-बाबांकडून आलेली नाही, आणि मुलीत जाणारही नाही, कारण ती बीजपेशीत नसतेच. तुझ्या बहिणीला, तिच्या होणाऱ्या मुलांना ह्यामुळे काही धोका नाही. मुलाकडच्यांना सरळ रिपोर्ट दाखवा, हवं तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. लपवलं तर उद्या कळल्यावर आजारापेक्षा लपवण्याचाच मुद्दा होईल.

वंदना_सुदामानगर

सुहासदादांनी सगळं सांगितलंच आहे पण मला एक जोडायचंय, कारण घरोघरी सगळे ल्युकेमिया एकाच टोपलीत टाकतात. मला पण लोक येऊन सांगायचे की अमक्याचा मामा फक्त गोळी घेतो तुम्ही मुलाला एवढ्या सुया का टोचताय.

माझ्या मुलाला चौथ्या वर्षी एएलएल झाला, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त हाच असतो, दोन ते पाचमध्ये खास करून. आधी नुसतं रात्री पाय दुखतात म्हणायचा, मग पायांवर निळे डाग, पडला नाही आपटला नाही तरी, आणि दात घासताना ब्रश लाल. आमच्या इथल्या एका डॉक्टरांनी संधिवाताचा ताप समजून स्टिरॉइड दिलं, त्याने मुलगा आठवडाभर एकदम छान झाला, खेळायला लागला, आणि मग दुप्पट वेगाने पडला. नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्टिरॉइडने एएलएलच्या पेशी मरतात म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मॅरोचं चित्र पुसट होतं, निदान अवघड होऊन बसतं. म्हणून हात जोडून सांगते, मुलाला कारण न कळता ताप, फिकटपणा, निळे डाग, हाडं दुखणं असं दिसलं तर स्टिरॉइडच्या आधी सीबीसी आणि स्मिअर करा. सीबीसीला फार पैसे लागत नाहीत.

आमची ट्रीटमेंट दोन वर्षांच्या वर चालली. पहिला महिना हॉस्पिटलमध्येच, मग जोरदार केमो, मग शेवटची लांबलचक मेंटेनन्स, त्यात रोज संध्याकाळी अर्धी-पाऊण गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. कण्यातून औषध द्यावं लागतं कारण ह्या पेशी मेंदूच्या आवरणात जाऊन लपतात आणि नेहमीचं औषध तिथे नीट पोचत नाही. हे मेथोट्रेक्सेट ज्या औषधातून पुढे आलं त्याच्यामागे आपले आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ते अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करायचे, त्यांच्या टीमने बनवलेलं अमिनॉप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बरने १९४७ च्या शेवटी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि पहिल्यांदा काही मुलांचं रक्त काही महिने तरी सुधारलं. त्याच्या आधी ही मुलं आठवड्या-महिन्यांत जायची. मी मुलाला गोळी देताना ते नाव मनात घेतेच. आज चांगल्या सेंटरमध्ये एएलएलची बहुसंख्य मुलं बरी होतात. माझा सहावीत आहे.

ॲक्यूटवाल्यांना एकच गोष्ट पाठ करून ठेवावी लागते, केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल. लढणाऱ्या पेशीच नसतात तेव्हा काही तासांत हातातून जातं. काकांचा प्रकार वेगळा निघाला तर त्यांना एवढं जपावं लागणार नाही, पण कुठला ते कळेपर्यंत ताप आला तर बसून राहू नका.

राजू_मल्हारगंज

माझ्या मावससासऱ्यांच्या ओळखीत एकाला पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल दिली, प्लेटलेट एकदम वाढल्या. शिवाय उज्जैनकडे एक वैद्य भस्म देतात. मॅरो वगैरे करण्याआधी महिनाभर करून बघायला काय हरकत आहे? मनापासून सांगतोय, कोणाचं चांगलं व्हावं म्हणूनच.

सुहास_स्लाइडवाला

राजूभाऊ, तुमच्या मनात चांगलंच आहे ते कळतं. पण काकांच्या प्लेटलेट ५,९०,००० आहेत, नॉर्मलची हद्द साडेचार लाख. त्यांना प्लेटलेट वाढवायच्याच नाहीयेत. पपईच्या पानाचं लोक डेंग्यूत ऐकतात आणि सगळीकडे लावतात. ल्युकेमियात प्लेटलेट कमी का होतात ते कारण मगजात आहे, पान काही तिथे पोचत नाही.

भस्माचं जास्त गंभीर आहे. कोणी म्हणेल सोमलाने म्हणजे आर्सेनिकने ल्युकेमिया बरा होतो, आणि ते अर्धं खरंही आहे. एएमएलचा एक उपप्रकार आहे एपीएल, त्यात आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि व्हिटॅमिन ए पासून बनलेली एट्रा नावाची गोळी देऊन फार मोठ्या संख्येने पेशंट बरे होतात, चीनमधून आलेलं ज्ञान आहे ते. पण तिथे शुद्ध औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात आणि वारंवार ईसीजी, पोटॅशियम बघतात, आणि फक्त त्या एका प्रकारात देतात. पुडीतल्या भस्मात किती आर्सेनिक, किती शिसं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. लिव्हर बिघडलं तर खरी औषधंही सुरू करता येत नाहीत. आणि महिना थांबायचं म्हणता, ॲक्यूट निघाला असता तर तो महिना मिळालाच नसता.

मृण्मयी_लोकमान्यनगर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशिरा लिहितेय कारण मध्ये बरंच घडलं. सुहासदादा, तुमचा रिप्लाय मी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, त्यानंतर ताटाचा विषय परत निघाला नाही. मॅरो झाली, काका म्हणाले दाढ काढण्याइतकंच.

बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह आली. सीएमएल, क्रॉनिक फेज, म्हणजे आजाराचा हळू चालणारा टप्पा. डॉक्टरांनी आधी पेशी खाली आणायला हायड्रॉक्सीयुरिया, युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल आणि भरपूर पाणी, मग इमॅटिनिब ४०० रोज एक. आता पेशी ८,७०० वर आल्यात, पोटाचं जडपणही बरंच कमी, काका जेवायला लागलेत. आता नवीन प्रॉब्लेम. काका म्हणतात रिपोर्ट नॉर्मल, मी बरा झालो, गोळीने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते आणि पोटरीत पेटके येतात, तर एक दिवसाआड घेतो. काकूलाही पटायला लागलंय कारण खर्चही आहे. मी काय सांगू त्यांना?

प्रभाकर_स्नेहलतागंज

बाळ, ह्याचं उत्तर मीच द्यायला हवं, कारण मी स्वतः सीएमएलचा पेशंट आहे, २०१० पासून हीच गोळी खातो. दुकान सांभाळतो, सकाळी नेहरू पार्कात फिरायला जातो, दोन्ही मुलींची लग्नं ह्याच आजारात करून दिली आणि दोन्हीकडे आधी सांगून केली.

काकांना सांग की सीबीसी नॉर्मल येणं ही नुसती सुरुवात असते. सीबीसीत पेशी मोजतात, त्यात बिघडलेल्या किती आणि चांगल्या किती हे त्याला कळत नाही. शरीरात अजून कोट्यवधी बिघडलेल्या पेशी असतात आणि सीबीसी मात्र सुंदर दिसतो. खरी परीक्षा बीसीआर-एबीएलच्या टक्क्यांची, ती दर तीन महिन्यांनी करतात. साधारण हिशोब असा की तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या खाली, सहा महिन्यांत १ च्या खाली आणि वर्षभरात ०.१ च्या खाली यायला हवं. आलं तर गाडी रुळावर. नाही आलं तर डॉक्टर पहिलं हेच विचारतात की गोळ्या चुकवल्या का, आणि मग म्युटेशन म्हणजे पेशीत आणखी नवा बिघाड झालाय का ते बघून डासाटिनिब, निलोटिनिब अशी पुढची औषधं आहेत.

ही गोळी काय करते ते काकांना कळलं तर ते चुकवणार नाहीत. त्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून एक बिघडलेलं प्रोटीन तयार होतं आणि ते पेशीला सारखा वाढ वाढ असा हुकूम देत बसतं. इमॅटिनिब त्या प्रोटीनच्या नेमक्या खाचेत जाऊन बसतं आणि हुकूम बंद पाडतं. पण गोळीचा असर रक्तात दिवसभरापुरताच. एक दिवसाआड घेतली की एक दिवस हुकूम बंद, एक दिवस चालू, आणि त्या चालू दिवसांत गोळीला दाद न देणारी पेशी डोकं वर काढते. मग तीच वाढते आणि हीच गोळी निकामी होते. क्रॉनिक फेजमधून ब्लास्ट क्रायसिसमध्ये गेलं की ते ॲक्यूट ल्युकेमियासारखं वागतं, तिथून परत आणणं फार कठीण. माझ्या ओपीडीच्या बाकावरचे असे ओळखीचे चेहरे मी जाताना बघितलेत, आजाराने कमी आणि 'आता बरं वाटतंय' ह्या समजुतीने जास्त. तुझ्या काकांचं तसं होऊ नये म्हणून इतकं लिहितोय.

डोळ्यांची सूज आणि पेटके मलाही यायचे, बहुतेकांना येतात. गोळी रिकाम्या पोटी नाही, मोठ्या जेवणाबरोबर आणि मोठा ग्लास भरून पाण्याने. मी रात्रीच्या जेवणात घेतो, मळमळ झोपेत निघून जाते. मीठ कमी केलं तर सकाळची सूज उतरते. पेटके फार आले तर डॉक्टर कॅल्शियम-मॅग्नेशियम बघतात. त्रास सहन होत नसेल तर डोस डॉक्टरांनी बदलायचा, आपण नाही. आणि दुसरं कुठलंही औषध, अगदी मेडिकलवाल्याने दिलेलं अँटिबायोटिकसुद्धा, आधी विचारून, कारण काही औषधं ह्या गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी-जास्त करतात.

खर्चाचं म्हणशील तर मी सुरू केली तेव्हा नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकला, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडला, महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडायचे आणि आपल्या भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. पेटंटची केस सुप्रीम कोर्टात चालली होती, आम्ही पेशंट लोक पेपरात तारखा बघत बसायचो, जेनेरिक बंद झाली तर काय करायचं. १ एप्रिल २०१३ ला कोर्टाने पेटंट नाकारलं, निकालात पेटंट कायद्याचं कलम ३(ड) होतं, जुन्याच औषधाचं नवं रूप केलं म्हणून पेटंट मिळत नाही असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी आमच्या घरात पुरणपोळी झाली. आता तर अनेक कंपन्यांची येते आणि भाव खूप खाली आलेत, कंपनीपरत्वे फरक असतो म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा, पण सारखा ब्रँड बदलत बसू नका, बदलायचा तर डॉक्टरांना सांगून. आयुष्मान कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, गोळी त्यात बसते का ते हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर कागद घेऊन जाऊन विचारा, फोनवर नीट सांगत नाहीत.

दुसरं मत हवं असलं तर मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल आहे. रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने जाता येतं, राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे पेशंट राहतात, जाण्याआधी जागा विचारून जा. पण सीएमएल क्रॉनिक फेजसाठी सगळं ट्रीटमेंट इंदुरात होऊ शकतं, दर महिन्याला मुंबई गाठायची गरज नाही. ट्रान्सप्लांटचं कोणी नाव काढलं तर घाबरू नका, गोळ्या येण्याआधी तोच एक उपाय होता, आता सीएमएलमध्ये बहुतेकांना लागत नाही.

मृण्मयी_लोकमान्यनगर

प्रभाकरकाका, हे काकांना मोबाइलवर वाचायला दिलं, दोनदा वाचलं त्यांनी. एकच विचारायला सांगितलंय, ही गोळी जन्मभर घ्यावी लागणार का?

प्रभाकर_स्नेहलतागंज

आत्ता तरी जन्मभर असंच धरून चाला. काही पेशंटमध्ये कित्येक वर्षं गोळी घेऊन बीसीआर-एबीएल इतकी खाली जाते की मशीनलाही सापडत नाही, आणि ती तशीच वर्षानुवर्षं टिकली तर डॉक्टर गोळी थांबवून बघतात. त्यातल्या साधारण निम्म्या लोकांत आजार परत डोकं वर काढतो, जास्त करून पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी परत सुरू केली की बहुतेकांचा पुन्हा आवरतो. पण त्या काळात दर महिन्याला टेस्ट करावी लागते, आणि थांबवायचं डॉक्टरांनी, आपल्या मनाने नाही. माझी अजून चालू आहे.

टेस्ट दर वेळी एकाच लॅबमधून करा, आणि रिपोर्टवर 'इंटरनॅशनल स्केल' लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर मागच्या टक्क्यांशी ताळमेळ लागत नाही. एक फाइल करा, तारखेवार. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढचं पाकीट आणून ठेवायचं, लग्नाच्या गडबडीत तर नक्कीच. काकांना माझा नंबर हवा असेल तर मला मेसेज करायला सांग, इथे उघड देत नाही.